वारा बघायला लावलेले धागे

माझा धाकटा भाऊ भालकीकडच्या साखर कारखान्यात फिटर होता आणि मी मन्नाएखेळ्ळीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. मैसूर राज्याचं कर्नाटक होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमची आई कुणी गाव विचारलं की अजून 'मैसूर राज्य' असंच सांगायची. आठवडाभर मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि शनिवारी भालकीला घरी यायची. सोमवारी सकाळी भाऊ मला मोटारसायकलवरून सोडायला यायचा. भालकीहून बिदर, बिदरहून कमठाण्याच्या बाजूनं पुढं.

ती मोटारसायकल म्हणजे त्याचा जीव. हैदराबादेतल्या कुणा हौशी माणसाची जुनी गाडी, टू-स्ट्रोक इंजिनाची. त्या माणसानं तिचं हँडल बुटकं करून घेतलं होतं, त्यामुळं चालवणाऱ्याला टाकीवर ओणवं व्हावं लागे, शर्यतीतल्यासारखं. भावानं टाकीला निळा रंग दिला, पुढं भलामोठा हॉर्न लावला, पावसात पायावर चिखल उडू नये म्हणून लेगगार्डला दोन्ही बाजूंनी रेक्झिन बांधलं. पुढची नंबरप्लेट पाटावरच्या ताटाएवढी. गाडी उभी असली तरी पळायलीय असं वाटायचं.

तो ओणवा झाला की सगळा वारा थेट माझ्या तोंडावर. डोळ्यांतून पाणी, तोंडात धूळ, पदर एका हातानं धरलेला. बिदर येईस्तोवर माझा चेहरा रडून आल्यासारखा व्हायचा. दवाखान्यातली आया दर सोमवारी विचारायची, "घरी सगळं बरं हाय न्हवं, बाई?"

एका उन्हाळ्यात, चैत्र सरत आला होता तेव्हा, कमठाण्याच्या पुढं चढावर गाडीचा आवाज एकदम बदलला. घोगरा झाला आणि दुसऱ्याच क्षणी मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. गाडी फरफटत आडवी व्हायला लागली. भावानं क्लच दाबून कशीबशी सावरली. आम्ही पडलो नाही. इंजिनावरची हवा तापून डोळ्यांपुढं हालत होती. भावानं बाटलीतलं थोडं पाणी ओंजळीत घेऊन शिंपडलं, तर थेंब तव्यावर नाचावेत तसे नाचले आणि गायब झाले.

बिदरच्या मेकॅनिकनं इंजिन उघडून पिस्टन दाखवला. त्यावर उभे ओरखडे होते. "उष्णतेनं पिस्टन फुगतो आणि जाम होतो," तो म्हणाला. "या इंजिनाला पाणी नसतं, काही नसतं. वाऱ्यावरच थंड होतं ते. उन्हाळ्यात दोघांनी बसून चढावर दामटायची नाही." ओरखडे घासून त्यानं इंजिन परत जोडून दिलं.

घरी आल्यावर भाऊ अंगणात इंजिनापुढं उकिडवा बसून राहिला. मी आत भाकरी थापत होते. तिथून मी म्हणाले, "वाऱ्यावर थंड होतं म्हणाला न्हवं तो मेकॅनिक, मग एवढा वारा माझ्या तोंडावर बसतो, तो इंजिनाला कामून मिळंना?"

तो थोड्या वेळानं आत आला आणि पाणी पिऊन म्हणाला, "अक्का, वारा दिसला असता तर बरं झालं असतं."

वारा दाखवायची युक्ती मला सुचली. मी फावल्या वेळात नव्या बाळांसाठी टोपडी विणायची, त्यामुळं घरात लाल लोकर असायचीच. मी बोटभर लांबीचे धागे कापले आणि आम्ही ते चिकटपट्टीनं गाडीवर जागोजागी लावले. हॉर्नवर, नंबरप्लेटच्या मागं, लेगगार्डवर, इंजिनाच्या पात्यांवर. टू-स्ट्रोकच्या इंजिनाला पातळ पत्र्यांसारखी पाती असतात, एकावर एक. त्यांच्यामधून वारा गेला की उष्णता निघून जाते. निदान जायला हवी.

भालकीच्या बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी काढली आणि मी मागं एका बाजूला पाय सोडून बसले. त्याच्या गुडघ्यावरून वाकून बघायला लागले.

"काय दिसायलंय?" तो ओरडला.

जे दिसत होतं त्यावर माझाच विश्वास बसेना. हॉर्नच्या कडेचे धागे ताठ मागं, फडफडत. पण इंजिनाच्या पात्यांवरचे धागे मेल्यासारखे लोंबत होते. आणि नंबरप्लेटच्या मागचे धागे चक्क पुढं तोंड करून होते. गाडी ज्या दिशेला पळत होती, त्याच दिशेला.

"उलटे हायत," मी ओरडले. "पुढं जायलेत धागे!"

त्यानं गाडी थांबवली. "अक्का, काहीतरीच काय. गाडी पुढं पळायली म्हणजे वारा मागंच जाणार. पुढं कसा येईल?"

"मी डोळ्यांनी बघितलं की."

"तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असंल."

दुसरी बाजू बघायची तर मला उलटीकडं पाय सोडून बसावं लागणार होतं. बायका त्या काळी गाडीवर डावीकडं पाय सोडूनच बसत, उजवीकडं बसलेली बाई कुणी बघितली नव्हती. शिवाय उजवीकडं सायलेन्सर. मी बसले. रस्त्यानं येणाऱ्या एका बैलगाडीवाल्यानं बैल थांबवून बघितलं. साडीच्या काठाला चटका बसून पिवळा डाग पडला, तो शेवटपर्यंत निघाला नाही. पण त्या बाजूलाही तेच दिसलं. नंबरप्लेटमागं धागे उलटे, पात्यांवर मेलेले.

भाऊ ऐकेना. त्याला स्वतः बघायचं होतं. पण चालवणारा माणूस वाकून इंजिनाच्या मधे बघणार कसा? आठवडाभर तो त्याच्यावरच विचार करत होता. मग रविवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "अक्का, तू चालव. मी मागं बसून बघतो."

मी हसले. तो हसला नाही.

"अरे, मला कुठं येते?"

"सायकल येते न्हवं? बिदरला नर्सिंगला असताना शिकलीस. गाडी म्हणजे सायकलच, फक्त पायडल मारायची गरज न्हाई."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "साडी?" तिनं एवढंच विचारलं. मग तिनंच उत्तर दिलं, "माझ्यावाणी कासोटा घाल. मी खुरपायला, कापणीला सगळीकडं कासोट्यावरच जायची. गाडीवर बसायला काय त्याला?" आणि त्याच दिवशी तिनं माझी एक जुनी पांढरी साडी मला कासोटा घालून नेसवून दिली. मला मोकळं, सैनिकासारखं वाटायला लागलं.

शिकायला जागा उत्तम होती. हंगाम संपला होता, त्यामुळं कारखान्याबाहेर ऊसगाड्या उभ्या राहायचा मोठा तळ रिकामा पडला होता. हंगामात तिथं बैलांची आणि ट्रॅक्टरांची एवढी गर्दी असायची की माणसाला पाय ठेवायला जागा नसायची. आता नुसतं पाचट आणि त्यात चरणाऱ्या दोन गाई. भाऊ मला क्लच, गिअर, ब्रेक दाखवायचा आणि शेजारून पळायचा. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारत बंद पडत राहिली. दुसऱ्या खेपेला मी गाडीसकट पाचटाच्या ढिगात घुसले. राखणदार काठी घेऊन धावत आला. मी पडलेली पाहून त्यानं काठी टाकली आणि आम्ही तिघांनी मिळून गाडी उभी केली.

"बाई, कशाला जिवाला तरास करून घ्यायलाव?" तो म्हणाला.

"वारा बघायचाय," मी म्हणाले. त्यानं भावाकडं बघितलं. त्या माणसानं पुढं आम्हाला कधीच काही विचारलं नाही.

हळूहळू जमलं. तिसरा गिअर पडला आणि गाडी सरळ रेषेत धावली तेव्हा मला कळलं की मागं बसून जे वाटायचं त्याहून हे काही निराळंच आहे. मागं बसल्यावर वारा अंगावर येतो. चालवताना आपण वाऱ्यात शिरतो. मला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार?

मग तो दिवस आला. मोकळ्या रस्त्यावर मी पुढं, भाऊ मागं. त्याला एकाच बाजूला पाय सोडायची सक्ती नव्हती, त्यानं वाकून दोन्ही बाजूंनी बघितलं. मधेच त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी घाबरून ब्रेक दाबला.

"व्हय गं अक्का," तो म्हणाला. "उलटे हायत. उलटेच हायत!"

आम्ही रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो. तो काडीनं मातीत रेघा ओढत होता. अचानक म्हणाला, "मांजरा नदीच्या पुलाखाली बघितलंस कधी? पाणी वरनं खाली जातं, पण खांबाच्या मागं कचरा गोल गोल फिरतो, आणि कधी कधी उलटा वर येऊन खांबाला चिकटतो. तसंच हे. नंबरप्लेट म्हणजे खांब. तिच्यामागं वारा नुसता फिरायलाय. इंजिनापर्यंत पोचतच न्हाई."

मीही ते पुलाखालचं पाणी लहानपणी तासन् तास बघितलं होतं. पण त्याचा आणि वाऱ्याचा संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मग आमचा उद्योग सुरू झाला. नंबरप्लेट छोटी करून मडगार्डवर आडवी बसवली. हॉर्न एका बाजूला सरकवला. रेक्झिन काढून टाकलं. पात्यांमध्ये वर्षानुवर्षांचं तेल आणि माती बसून काळी खपली झाली होती. ती आम्ही रॉकेलमध्ये बुडवलेल्या दातांच्या जुन्या ब्रशनं आणि बांबूच्या कामट्यांनी कोरून काढली. आधीच्या मालकानं चकाकी यावी म्हणून पात्यांवर चंदेरी रंग जाडसर फासला होता. तोही खरवडला. आई म्हणाली, "एवढ्या मन लावून कधी भांडी घासली न्हाईस तू."

परत धागे लावून बघितले. पात्यांवरचे धागे जागे झाले होते. सगळे नाहीत, पण बहुतेक.

भावाला तेवढ्यावर थांबवेना. त्यानं तुपाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कानासारखे दोन तुकडे बसवले, वारा गोळा करून मधे ढकलायला. गाडी हत्तीसारखी दिसायला लागली. तिच्यावर बसून एक फेरी मारली, पाण्याचे थेंब टाकले, तर थेंब पहिल्यापेक्षाही लवकर उडाले. इंजिन जास्तच तापलं होतं! धागे सांगत होते की कानांच्या मागं वारा भोवऱ्यासारखा अडकतोय. भाऊ खट्टू झाला. मला मात्र मजा वाटत होती. आपण चांगलं म्हणून करावं आणि वाऱ्यानं आपलं ऐकूच नये! शेवटी कान कापत कापत तळव्याएवढे केले आणि थोडे बाहेर वळवले. तेव्हा थेंब नाचायचा थांबला. पात्यावर पसरायचा, मग सावकाश वाळायचा.

आता प्रश्न माझ्या डोळ्यांचा होता. चालवायला लागल्यापासून ते जास्तच चुरचुरत होते. बिदरच्या इस्पितळात माझ्या ओळखीच्या एक्स-रेवाल्यांकडून मी बिघडलेल्या, टाकून द्यायच्या फिल्मा मागून आणल्या. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात त्या भिजवून चोळल्या की काळा थर निघून जायचा आणि निळसर, आरपार दिसणारं प्लॅस्टिक राहायचं. कुणाच्या तरी बरगड्या माझ्या बोटांखाली विरघळत होत्या. मी इतकी वर्षं इस्पितळात काढली होती, तरी ते करताना हात थोडे थांबत होते. एका फिल्मवर हाताच्या पंजाची हाडं होती. ती मी धुतली नाही, तशीच ठेवून दिली.

दोन फिल्मा एकावर एक, कडेनं जाड तार, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हँडलला बांधलेल्या. असा आमचा पडदा तयार झाला. डोळ्यांचं पाणी थांबलं. पण कानांत असा घुमारा सुरू झाला की डोकं भणभणायला लागलं, मान हलायला लागली. वारा समोर अडवलेला, मग हे हादरे कुठून? कमठाण्याकडं जाताना खालची एक पट्टी तुटली आणि पडद्याची खालची कड दोन बोटं वर उचलली गेली. तेवढ्यात घुमारा एकदम उतरला. मी गाडी थांबवली.

"काय झालं?" भाऊ म्हणाला.

"पडदा तुटला," मी म्हणाले, "आणि शांत झालं."

त्यानं पट्टी बांधली. घुमारा परत आला. सोडली, परत शांत. असं आम्ही किती वेळा केलं ते रस्त्याच्या कडेला मेंढरं घेऊन बसलेल्या एका काकांना ठाऊक. धनगर माणूस, खांद्यावर घोंगडं, तोंडात तंबाखू. ते जवळ येऊन म्हणाले, "गाडी बिघडली का?"

"न्हाई काका," भाऊ म्हणाला, "पडद्याला भोक पाडलं तर वारा कमी लागायलाय, त्याचं कारण शोधायलाव."

काकांनी तंबाखू थुंकली. "भोक पाडलं की वारा कमी लागतो?" ते आमच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरांनो, उन्हात फार फिरू नका."

पण ते गेले नाहीत. भावाला तिथलाच उतार बघून एक युक्ती सुचली. चढाच्या माथ्यावर इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची आणि ती आपोआप कुठवर जाते ते बघायचं. वारा जेवढा कमी अडवेल तेवढी ती लांब जाईल. गाडी थांबली की चाकाजवळ दगड ठेवायचं काम काकांनी आपणहून घेतलं. पडदा काढून एकदा, बंद पडदा लावून एकदा, खालून फट ठेवून एकदा. मीच चालवत होते. काका दगड ठेवून मेंढरांना हाकलत परत येत होते. फट ठेवलेल्या पडद्याचा दगड सगळ्यांत पुढं गेला. काकांनी तो दगड पायानं हलवून बघितला, जणू तो खोटा असेल. "आता कळलं का कारण?" त्यांनी विचारलं.

"थोडं थोडं," भाऊ म्हणाला. "पडद्यामागं पोकळी होत असंल. मग वरचा वारा तीत कोसळतो आणि डोक्यावर आपटतो. खालनं थोडा वारा आत सोडला की पोकळीच राहत न्हाई."

"असंल," काका म्हणाले.

खरं कारण तेच होतं की नाही, मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पडद्याला मात्र आम्ही फट कायमची ठेवली.

दसऱ्यानंतर कारखान्याचा बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला. भावाला पाळ्या लागल्या, सोमवारी मला सोडायला येणं त्याला जमेना. "गाडी तूच ने," तो म्हणाला. "मला कारखान्यावर सायकल पुरे." तोवर मी बिदरला जाऊन लायसन काढलं होतं. पहिल्या सोमवारी मी पांढऱ्या साडीचा कासोटा, पायांत कॅनव्हासचे बूट, अशी एकटी मन्नाएखेळ्ळीत शिरले, तेव्हा हमरस्त्यावरच्या हॉटेलवाल्यानं हातातला चहा ग्लासात ओतता ओतता बाहेरच ओतला. दवाखान्यातली आया दारात आली. नेहमीचा प्रश्न विचारायला तिनं तोंड उघडलं, पण माझा कोरडा चेहरा बघून "बया!" एवढंच म्हणाली.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. भर दुपारी आतल्या एका वस्तीवरून एक तरुण सायकल मारत आला. धापा टाकत होता. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा येत होत्या आणि सुईणीला काही सुचेना. दवाखान्याची जीप डॉक्टरांना घेऊन बिदरला गेली होती. मी बाळंतपणाची पेटी उचलली.

"बसा मागं," मी त्याला म्हणाले.

तो गाडीकडं बघायला लागला. "कोण चालवणार?"

"मी."

"बाई, मी सायकलवर येतो, तुम्ही व्हा पुढं."

"वाट कोण दाखवणार? बसा."

तो बसला. पेटी पोटाशी घट्ट धरून बसला. गाडी सुटली आणि त्यानं "आई गं" असं काहीतरी म्हटलं. पुढं बैलगाडीचा रस्ता होता, ज्वारीच्या रानांमधून, दगडांचा. दुसऱ्या गिअरमध्येच, जोर लावत जावं लागत होतं. असल्या रस्त्यानं दोघांना घेऊन इंजिन पूर्वी टिकलं नसतं. मी कान देऊन ऐकत होते. आवाज घोगरा होतोय का, चढतोय का. तो तसाच एकसारखा राहिला. माझ्या मागून तो तरुण "डावीकडं, बाई," "आता ओढ्यातनं" असं सांगत होता. थोड्या वेळानं त्याचा आवाजही सरळ झाला.

मूल पायाळू होतं. वस्तीवर पोचल्यावर मी हात धुतले, आणि पुढचं सगळं सावकाश, घाई न करता करावं लागलं. मुलगी झाली. आधी रडेना, मग तोंड पुसून, पाठ चोळल्यावर रडली, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. आईला फार रक्तस्राव झाला नाही. सूर्य बराच कलला होता तेव्हा मी बाहेर येऊन बाजेवर बसले. त्या तरुणाच्या आईनं मला गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. ती गाडीभोवती एक चक्कर मारून आली.

"ही तूच चालवत आणलीस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आणि माझा ल्योक मागं बसला?"

"व्हय."

ती लेकाकडं वळली. तो लाजून दुसरीकडं बघायला लागला. ती म्हणाली, "मग त्याला बी शिकव की बाई."

पुढच्या भेटींत मी त्याला दोन-तीनदा बसवून बघितलं. त्याला क्लच काही साधेना, आणि एकदा तो ज्वारीत घुसला. त्यानंतर तो गाडीच्या वाटेला गेला नाही. त्याच्या बायकोनं मात्र मुलगी चालायला लागल्यावर त्याची सायकल घेतली आणि कासोटा घालून एका आठवड्यात शिकली. मी लसीकरणाला त्या वस्तीवर गेले की ती ओढ्यापर्यंत माझ्या पुढं सायकल मारत यायची.